आसराच्या सहीचा टीव्ही गेम

समजा, तुम्ही अकरा वर्षांचे आहात. शाळेतून आलात, दप्तर खुंटीला अडकवलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि आई म्हणाली, "चल, खेळायला बस. चार डबे राह्यलेत अजून." तुमच्या घरात खेळलं म्हणून कुणी रागवत नाही. उलट मध्येच उठलात तर हाक येते, "कामून उठली? काम अर्धं सोडू नये." समोर टीव्ही, हातात रिमोट, पडद्यावर एक इवलासा रणगाडा विटांच्या भिंती फोडत निघालेला. आलं डोळ्यांसमोर? आता त्या चित्रात अजून एक गोष्ट घाला. खेळून झालं की तुम्ही एका चिठ्ठीवर सही करता आणि ती चिठ्ठी गेमच्या खोक्यावर चिकटते. त्या सहीकडे पाहून लोक खोका घरी नेतात. वय अकरा, पण सहीला मान आहे.

आणि एक दिवस, तुम्ही हातही न लावलेल्या खोक्यांवर तुमचीच सही दिसली तर?

राग येईल. यायलाच पाहिजे. चला तर मग नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. साल एकोणीसशे शहाण्णव, एप्रिल महिना. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. त्या गल्लीत त्रिंबक यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मागे दोन खोल्यांचं घर. मुलगी एकच. तिचं नाव आसरा.

त्रिंबक मूळचे टेंभुर्णीचे. घरची शेती थोरल्या भावाकडे देऊन ते हातात सोल्डरिंगची इस्तरी घेऊन शहरात आले. सोबत त्यांचा मित्र मच्छिंद्र. दोघांनी मिळून दोन वर्षं दिल्लीहून टीव्ही गेम आणून विकले. मग त्यांच्या लक्षात आलं, की आतली सर्किटची पाटी, वरचं प्लॅस्टिक आणि रिमोट वेगवेगळे मागवून इथंच जोडले तर आपल्या नावाचा गेम काढता येईल. इथवर दोघांचं एकमत होतं. नाव काय ठेवायचं, यावर फाटलं. दिवाळीच्या पाडव्याला दोघं एका ताटात जेवले आणि भाऊबीजेला एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले. त्रिंबकनी स्वतःचा "गरुड" काढायला घेतला. मच्छिंद्रने चौकात नवं दुकान थाटलं आणि पाटी लावली, "शेरा टीव्ही गेम".

एवढी घाई कशाची, असं तुम्हाला वाटेल. तर टीव्ही गेम विकायचे हंगाम दोनच, दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी. त्यातही उन्हाळा मोठा. भाचेमंडळी मामाच्या गावी येतात, आणि मामाला भाच्याकडे पाहून हात आखडता घेता येत नाही. दुसरं म्हणजे गरुडची कॅसेट शेरात बसत नव्हती, शेराची गरुडमध्ये बसत नव्हती. पोरं कॅसेटी अदलाबदल करून खेळतात. गावात पहिले दहा गेम ज्याचे गेले, त्याचाच अकरावा जाणार, कारण अकराव्या पोराला पहिल्या दहांच्या कॅसेटी पाहिजेत. म्हणून कुणी कधी बाजारात उतरायचं, यावर सगळं ठरत होतं. हे त्रिंबकना कळत होतं, मच्छिंद्रला कळत होतं, आणि रोज कानावर पडून आसरालाही कळायला लागलं होतं.

सहीची पद्धत मात्र आसराची स्वतःची. आदल्या वर्षी दिल्लीचा एक गेम मुळातच बंद निघाला, आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन त्रिंबकना नाही नाही ते बोलून गेलं. त्या दिवसापासून आसरा प्रत्येक गेम तासभर खेळून पाहू लागली. रिमोटची सगळी बटणं, दोन्ही बाजूंनी उड्या, आवाज, रंग. सगळं नीट असेल तर चिठ्ठीवर लिहायचं, "तपासले", आणि खाली सही. तिच्या सहीतला "स" जरा लांब होता, पतंगाच्या शेपटीसारखा. महिनाभरात शाळेतली पोरं खोका घेण्याआधी विचारायला लागली, "आसराची चिठ्ठी हाय का त्याच्यावर?"

त्रिंबकना याचं कौतुक होतं. दुकानात चार माणसं बसलेली असताना ते म्हणाले होते, "आमच्या सायबीण हो म्हणल्याबिगर एकबी डबा उंबऱ्याबाहेर जात न्हाई." माणसं हसली. आसरा हसली नाही. बापाने चारचौघांत दिलेला शब्द होता तो, आणि तिने तो खरा धरला.

मार्चमध्ये तिची परीक्षा जवळ आली तेव्हा त्रिंबक म्हणाले, "अभ्यासात चिठ्ठ्या लिहीत बसशील का? आत्ताच लिहून ठेव शंभर. मंग नुसत्या चिकटवायच्या." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने एका रविवारी बसून शंभर सह्या केल्या आणि गठ्ठा पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला. पुढे जे झालं त्यात तिची चूक असलीच तर ही एवढी. काम व्हायच्या आधी सही करू नये, हे तिला तोवर कुणी शिकवलंच नव्हतं.

परीक्षा संपली आणि आसरा पहिल्या तयार गेमांतले दोन काखेत घेऊन टेंभुर्णीला आत्याकडे गेली. आत्याचं नाव चतुराबाई. घर वेशीजवळ, मागच्या अंगाला मळे. आत्याच्या टीव्हीला स्टॅबिलायझर होता, जसा गावात सगळ्यांच्या टीव्हीला असतो. विजेचा दाब कमीजास्त झाला तर टीव्ही जळू नये म्हणून ही पेटी मध्ये लावतात. तिला पिन लावायला जागा एकच, आणि ती टीव्हीची. गेमची पिन आसराने भिंतीवरच्या बोर्डात खोचली.

सकाळी विहिरींवर मोटारी चालू होत्या. बल्ब तांबडा, पंखा मरगळलेला, पण गेम चालत राहिला. तीन वाजता मळ्यातल्या मोटारींची लाइट गेली, आणि गावातला दाब एकदम चढला. बल्ब पांढरा फटक झाला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. रणगाडा भिंतीच्या अर्ध्यात थिजला. पडद्यावर रंगीत पट्टे आले, आणि खोलीत कंगवा जळाल्यासारखा वास सुटला.

"काय गं, काय जाळलं?" आत्याने चुलीपुढून विचारलं.

"मी न्हाई, आत्या. गरुडनंच."

तिने दुसऱ्या दिवशी दुसरा गेम लावला. आतेभाऊ जालन्याला जाणार होता, त्याच्याकडून अजून पाच मागवले. चार दिवसांत सातही गेम तीन वाजल्यानंतर थिजले. जालन्यात दुकानासमोरची लाइन मोठी, दाब सरळ, म्हणून तिथे हे कधी दिसलंच नव्हतं.

घरी आल्यावर त्रिंबकनी एक डबा उघडला. आतला एक छोटासा भाग तापून काळा पडला होता, आणि त्याच्यावरचं प्लॅस्टिक आत वाकलं होतं.

"बराबर हाय तुझं," ते म्हणाले. "ह्याला मागून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लागंल, उष्णता ओढून घ्यायला. अन् अडॅप्टर मोठा. औरंगाबादहून मागवतो. पंधरा दिवस लागतील."

"मंग निकालाच्या दिवशी?"

"निकालाच्या दिवशी. पोरं पास होतील अन् आपला गरुड उडंल." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी आसराला वाटलं, आपल्या अण्णांसारखा माणूस अख्ख्या जालन्यात नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून रिक्षा गेली, टपावर भोंगा बांधलेली. "आ रहा है शेरा. येत्या बाजारी टेंभुर्णीत, त्याच्या पुढच्या बाजारी वाटूरला. भाच्याला खूश करा, शेरा घरी न्या."

त्रिंबकच्या हातातली इस्तरी तशीच राहिली. टेबलाच्या लाकडाला डाग पडला, ते त्यांना कळलंही नाही. टेंभुर्णीचा बाजार चार दिवसांवर होता.

"टेंभुर्णीत," ते म्हणाले. "माझ्या गावात. मुद्दाम."

दुपारी ते जेवले नाहीत. आसराची आई द्वारकाबाई ताट घेऊन दुकानात आली. तीही अंबड तालुक्यातल्या शेतकऱ्याची लेक, मोजकं बोलणारी.

"त्याला उतरू द्या ना पुढं," ती म्हणाली. "तुमचा माल पंधरा दिवसांनी पक्का येईल."

"पंधरा दिवसांनी काय भुई थोपटू? बियाणेवाल्यांकडं बघ. मृगाच्या आधी ज्याची पिशवी दुकानात, त्याचंच बी रानात. मागून कितीबी चांगलं बी आणलं तर रान रिकामं न्हाई भेटत."

"बी उगवलं तर. न्हाई उगवलं तर त्याच रानात दुबार पेरणी, अन् शिव्या पिशवीवाल्याला. माझा बाप शेजाऱ्याची तिफण बघून कधी पेरायला गेला न्हाई. स्वतःच्या मातीत हात घालायचा, पेरणीजोगी ओल, वापसा बघायचा, मंग जायचा."

"तुझ्या बापाला मच्छिंद्र न्हवता ना शेजारी."

द्वारकाबाईने ताट टेबलावर ठेवलं, झाकण घातलं आणि निघून गेली. तिच्या बांगड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला.

आसरा सगळं ऐकत होती. तिच्या मनात एकच गोष्ट बसली. नवं दुकान थाटून चार महिने झाले, तेवढ्यात मच्छिंद्रकाकाला माल कुठून आला? अण्णांना सर्किटच्या पाट्या मिळायलाच तीन महिने लागले होते. संध्याकाळी ती चौकात गेली.

शेराच्या दुकानात काचेच्या मागे खोक्यांची भिंत उभी होती. चाळीस तरी असतील. प्रत्येक खोक्यावर दात विचकलेला वाघ. मच्छिंद्रकाका खुर्चीत बसून पान लावत होता. लहानपणी याच काकाच्या खांद्यावर बसून आसराने जत्रा पाहिली होती.

"या आसराबाई. हेरगिरीला आल्या का चहाला?"

"बघायला आले, काका."

"बघ की. बघायला खर्चा न्हाई."

ती खोक्यांजवळ गेली. वरचा एक उचलला. खोका इतका हलका होता की तिचा हात जोरात वर गेला. दुसरा उचलला. तोही तसाच. तिने मधल्या रांगेतला एक ओढला, खालच्या रांगेतला ओढला. सगळे रिकामे. मच्छिंद्र पाहत होता. त्याने अडवलं नाही.

"काका, माल कुठंय?"

"मालाला अवकाश हाय. पंधरा मेनंतर."

"मंग रिक्षा कामून फिरून राह्यली?"

मच्छिंद्रने पान तोंडात सरकवलं. "बस. तुला सांगतो. तू हुशार पोरगी. तुझा अण्णा मला बालपणापासून ठाऊक हाय. दुसरा पळताना दिसला की त्याला उभं राहवत न्हाई. त्याचा गेम टेंभुर्णीत जळाला, हे मला कळलंय. तुझा आतेभाऊच बसमधी सांगत व्हता. आता तो तसाच कच्चा माल घेऊन बाजार गाठंल. लोकांचे गेम जळतील, लोक शिव्या देतील. मंग मी माझा पक्का माल घेऊन जाईन आरामात. पळायची शर्यत न्हाई ही. दुसऱ्याला चुकीच्या वक्ताला पळवायची हाय."

आसरा दाराकडे वळली. "मी सांगते अण्णांला."

"सांग ना. जल्दी जा. पोरीचं ऐकून दुकान चालवणारा बाप मी तरी पाह्यला न्हाई अजून."

हे तो हसत म्हणाला, आणि त्याच्या हसण्याचा तिला जास्त राग आला. ती धावतच घरी आली. दम लागलेला असतानाच सगळं सांगितलं. रिकामे खोके, पंधरा मे, आतेभाऊ, सगळं.

त्रिंबक ऐकून घेऊन म्हणाले, "दाखवले त्यानं तुला रिकामे खोके."

"दाखवले न्हाई. मी माझ्या हातानं उचलले."

"अन् त्यानं उचलू दिले. कामून उचलू दिले? तू येऊन मला सांगावं म्हणून. मी गाफील राहावं म्हणून. खरा माल गोदामात असंल. मच्छिंद्र हाय तो."

"अण्णा, मी सांगून राह्यले ते खरं हाय. खालच्या रांगेतलेबी रिकामे व्हते."

"आसरे, हे धंद्याचं हाय. तुझं काम खेळायचं. खेळ."

खेळ. तो एक शब्द तिला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागला. वर्षभर ती खेळत होती का? बोटांना घट्टे पडेस्तोवर तासन् तास तेच तेच रणगाडे, तेच आवाज, आणि एकदाही खोटी सही नाही. ते सगळं या माणसाने एका शब्दात पुसून टाकलं होतं. तिने रात्री आईशीही बोलणं टाळलं. बोललं असतं तर रडू आलं असतं, आणि तिला रडायचं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी दारात जीप उभी होती. मागच्या बाजूला गरुडचे सत्तर खोके रचलेले. आसरा दात घासत बाहेर आली, आणि तिला पहिल्याच खोक्यावर लांब शेपटीचा "स" दिसला.

ती घरात गेली. पत्र्याचा डबा उघडला. आत तीस चिठ्ठ्या उरल्या होत्या.

"अण्णा, माझ्या चिठ्ठ्या."

"मंग? तुझ्याच हायेत. मी कुणाच्या चोरल्या का?" त्रिंबक दोरी आवळत होते, तिच्याकडे न पाहता.

"मी हे तपासले न्हाईत."

"सात तपासले ना? एकाच पाटीचे, एकाच हातचे. सात काय अन् सत्तर काय."

"सात तपासले अन् सातांत खोड सापडली. तीच सत्तरांत असंल."

जीपचा ड्रायव्हर फिसकन हसला. त्रिंबकनी दोरीची गाठ मारली, आणि ती इतकी आवळली की बोटं पांढरी पडली. "तीन वाजायच्या आत सगळा माल खपतो. ज्याचा बिघडंल त्याला पुढच्या आठवड्यात पट्टी लावून देऊ. आज फकस्त गावात शिरायचं. कळलं का? आज न्हाई शिरलो तर कधीच न्हाई."

"चिठ्ठ्या काढा मंग. सही काढा, अन् विका."

"चिठ्ठीबिगर कोण घेईल?" ते म्हणाले. आपण काय बोलून गेलो, हे त्यांना तेव्हा कळलं की नाही, कोण जाणे.

आसरा जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. त्रिंबक आणि ड्रायव्हर दोघांनी उतर म्हणून सांगितलं. ती उतरली नाही. द्वारकाबाई दारातून म्हणाली, "जाऊ द्या तिला. तिचं नाव चाललंय ना विकायला. तिनं बघावं तरी." त्रिंबकनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.

टेंभुर्णीच्या बाजारात त्या दिवशी शेराचा एकही खोका नव्हता. त्रिंबकनी सगळा बाजार दोनदा पायाखाली घातला. मिरच्यांच्या ओळीपासून बांगड्यांच्या पालांपर्यंत वाघ कुठेच नाही. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आसराने विचारलं, "आता परत नेऊ या का? तो आलेलाच न्हाई." त्यांनी घाम पुसला. समोर गर्दी जमायला लागली होती. त्यांनी पहिला खोका उचलला आणि हाक दिली, "गरुड घ्या, गरुड. आपल्या गावच्या माणसाचा गेम."

हॉटेलच्या ओट्यावर टीव्ही मांडला होता. हॉटेलवाल्याकडून वीज घेतली होती. आसराला पाणी आणायला आत्याकडे पाठवून त्रिंबकनी सगळं जोडून घेतलं होतं. पडद्यावर रणगाडा पळत होता, पोरं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढत होती, आणि मामालोक खोके उचलत होते. जो तो आधी चिठ्ठी पाहायचा. एक म्हातारी तर म्हणाली, "हीच का ती पोरगी सहीवाली? लई गुणाची." आसराने मान खाली घातली. तिला वाटलं, जमीन फाटावी. मग वाटलं, आपली कामून फाटावी, अण्णांच्या पायाखालची फाटावी.

दोन वाजेपर्यंत एकतीस गेम गेले. तीन वाजले. हॉटेलातला बल्ब पांढरा फटक झाला. आसरा ओट्यावरच्या गेमकडे पाहत राहिली. पाच मिनिटं, दहा, वीस. रणगाडा धावतच होता. तिला काही कळेना. सात गेम थिजले, मग हा कसा चालतो?

साडेतीनला गर्दी बाजूला सारत भुजंग आला. वेशीजवळ राहणारा, आत्याच्या शेजारचा. सकाळी पहिला गेम त्यानेच नेला होता, बहिणीच्या मुलासाठी. एका हातात गरुड, दुसऱ्या हातात त्या मुलाचं मनगट. मुलाचं नाव देवानंद, वय आठ असेल. त्याच्या डाव्या गालावर चार बोटं उठली होती.

"त्रिंबकराव, ह्यानं बिघडवला बघा," भुजंग म्हणाला. "सकाळपासून बरा चालला व्हता. मी रानातून आलो तर डबा बंद, वरून वास. मी इचारलं काय केलं, तर म्हणतो काईच न्हाई केलं. खोटं बोलतो वरून. दोन ठिवून दिल्या मंग."

देवानंद रडत नव्हता. रडून झालं होतं.

"त्यानं काही केलं नसंल," आसरा म्हणाली.

"न्हाई कसं? चिठ्ठीवर सही हाय ना तुझी. तपासलेलं हाय. मंग खोड त्याच्या हाताची, दुसऱ्या कुणाची?" भुजंगचं बोलणं सरळ होतं. त्याला तिच्या सहीवर पूर्ण भरवसा होता, आणि त्या भरवशावर त्याने पोराला मारलं होतं.

आसराने अण्णांकडे पाहिलं. तिला अजूनही वाटत होतं, की ते आता बोलतील. एक वाक्य पुरलं असतं.

त्रिंबकनी गेम हातात घेतला, हलवून पाहिला, गर्दीकडे नजर टाकली. अजून निम्मे खोके जीपमध्ये होते. "व्हतं असं," ते म्हणाले. "लहान लेकरं कॅसेट वाकडी घालतात, जोर लावतात. दुरुस्त करून देऊ. काळजी करू नका." आणि ओट्यावरच्या टीव्हीकडे हात करून मोठ्या आवाजात म्हणाले, "हा बघा ना. सकाळपासून चालू हाय. एक मिनिट बंद न्हाई पडला."

लोकांनी तिकडे पाहिलं. देवानंदनेही पाहिलं, आणि त्याची मान खाली गेली. रणगाडा तर धावतच होता. म्हणजे आपणच काहीतरी केलं असेल, असं त्या आठ वर्षांच्या पोराला स्वतःलाच वाटायला लागलं. ते वाटणं त्याच्या चेहऱ्यावर उतरताना आसराने पाहिलं.

ती ओट्याजवळ गेली. गेमच्या वायरीवरून नजर मागे मागे नेली. वायर टेबलाखाली गेली होती, पोत्याच्या आड. पोत्याच्या आड स्टॅबिलायझर होता. टीव्हीची पिन बाहेर, हॉटेलच्या बोर्डात. स्टॅबिलायझरच्या त्या एकुलत्या एक जागेत गरुडची पिन.

म्हणजे स्टॅबिलायझरवर गरुड थिजत नाही, हे अण्णांना माहीत होतं. सकाळपासून, जोडतानाच. गावात कुणीच टीव्हीची पिन काढून गेमची लावणार नाही हेही माहीत होतं. घाईत माणूस चुकतो, तेवढंच तिने अण्णांबद्दल धरलं होतं. हे घाईत झालेलं नव्हतं.

तिने पोतं बाजूला सारलं. त्रिंबकनी ते पाहिलं. ते वाकून तिच्याजवळ आले, आवाज अगदी खाली. "आसरे, हात लावू नको. सगळं गाव बघून राह्यलंय. आपण बुडू, माय."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. तेच डोळे, तोच डोक्यावर फिरलेला हात. तिला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग मोठा होता.

"त्या पोराला मारलंय अण्णा, माझ्या सहीवर."

तिने स्टॅबिलायझरमधली पिन उपसली. पडदा काळा झाला, पोरं ओरडली. तिने ती पिन हॉटेलच्या भिंतीवरच्या बोर्डात थेट खोचली आणि खटका खाली दाबला. पडदा परत उजळला. मग तिने देवानंदला मनगटाला धरून भुजंगच्या हातातून सोडवलं, ओट्यावर टीव्हीसमोर बसवलं आणि रिमोट त्याच्या दोन्ही हातांत दिला.

"खेळ," ती म्हणाली. "अजिबात थांबू नको. भुजंगमामा, तुमी घड्याळ बघा. अन् बाकीच्यांनी खोके तसेच धरून उभं राहा, पंधरा मिनिटं."

आणि अण्णांकडे पाठ करून ती देवानंदच्या शेजारी मांडी घालून बसली.